आठ ग्रॅम

पहाटे साडेचारला आम्ही जाळी उघडतो.
धुकं असं की हेर्मेलिंदाची टोपी दिसते,
हेर्मेलिंदा दिसत नाही.
बारा मीटर जाळं, केसाहून बारीक दोरा,
आणि त्यात सगळ्यात आधी अडकतं ते धुकंच,
थेंबाथेंबाने; मग एखादा पतंग,
मग वरून सुटलेलं शेवाळ.
ते झटकायचं काम माझं.
पाखरू सोडवायचं काम तिचं.

खरं तर ती आली होती स्वयंपाकाला.
बटाटे सोलायला, अठरा जणांचं सूप करायला.
पहिल्याच आठवड्यात लिमाहून आलेला एक पोरगा
अर्धा तास एका पाखराच्या पायाशी झटत होता,
तर ही हात पुसत आली, म्हणाली, सरक,
आणि लोकरीचा गुंता सोडवावा तसं
आधी पाय, मग डावा पंख, मग मान,
मोकळं.
तो पोरगा मी.

आज सातव्या जाळ्याच्या खालच्या झोळात
एकच.
मुठीत धरलं तरी मूठ रिकामीच वाटावी असं.
पाठ शेवाळी, पोट पिवळट, पंखावर दोन फिकट पट्टे.
पुस्तकात याच्यासारखी दिसणारी अकरा आहेत,
आवाज ऐकल्याशिवाय एकही ओळखू येत नाही,
आणि हातात आल्यावर एकही तोंड उघडत नाही.
चोचीच्या कडेला भुंगेऱ्याचा एक पाय,
पापणीच्या केसाएवढा,
गिळायचा राहिलेला.

"पायात वाळा आहे," ती म्हणते. "जुना. वाच."
मी भिंग धरतो. शेवटचे आकडे चारशे सतरा.
वहीची मागची पानं ओलीने चिकटलेली,
फुंकर मारत एकेक सोडवतो.
चारशे सतरा. हेच जाळं. जून.
तीन वर्षांपूर्वी.

तीन वर्षांपूर्वी जूनमध्येच तेओदोसिओ
केळी आणायला निघालेल्या रिकाम्या ट्रकमधून
खाली उतरला,
जिथं आपल्या या ओढ्याची गढूळ नदी होते
आणि माणसं पंप लावून काठच्या काठ उपसतात
सोन्यासाठी.
त्याने एकदाच पाठवलं. काडेपेटीत, कापसात,
पारा जाळून उरलेला पिवळा खडा.
कुस्कोच्या दुकानदाराने काट्यावर ठेवला: आठ ग्रॅम.
त्यात छपराचे पत्रे आले, मुलीचे बूट, एक रेडिओ.
पुढं काही आलं नाही. निरोपही नाही.
हे तिने मला सांगितलेलं नाही.
कांदा चिरता चिरता कांद्याला सांगत होती,
मी शेजारी होतो.

पिशवी तिनेच शिवलेली, जुन्या घागऱ्याच्या अस्तराची.
पाखरू पिशवीत, पिशवी काट्यावर,
पिशवीचं वजन वजा.
हिरवे आकडे थरथरत राहतात,
आतलं काळीज त्यांना ठरू देत नाही.
मग ठरतात.

"किती?"
"आठ."
ती माझ्याकडे बघत नाही.
"पुन्हा ठेव."
पुन्हा ठेवतो. आठ.
"आणि तेव्हा?"
वहीत बोट फिरवतो. सात दशांश नऊ.
"म्हणजे वाढलंय," ती म्हणते,
"तीन वर्षं नुसत्या किड्यामुंग्यांवर,
आणि वाढलंय बघ मेलं!"
आणि अशी हसते
की मला वहीत डोकं खुपसावं लागतं.

दहा मिनिटांच्या आत सोडायचं असा नियम आहे.
आठ झाली होती.
नखाने तो भुंगेऱ्याचा पाय ती पुसायला गेली,
मग राहू दिला. त्याचं आहे ते.
तळहात उघडला.
पाखरू तिथंच बसून राहिलं जरा वेळ,
दार उघडं आहे हे न कळलेल्या पाहुण्यासारखं,
मग गेलं, कुठं लांब नाही,
जाळ्यापलीकडच्या पहिल्याच झुडपात,
आणि आमच्याकडे पाठ करून बोललं:
एक कोरडी, चिडकी चिरचिर.

आता ओळखू आलं. मी नाव लिहिलं, लॅटिन,
वहीचा रकाना ओलांडून बाहेर गेलेलं.
"काय म्हणतात त्याला?"
वाचून दाखवलं.
"आठ ग्रॅमला एवढं?" ती म्हणाली,
आणि चुलीवरचं सूप उतू जाईल म्हणून
धावत सुटली.